मी पारखलेला नर

आखातात, बरका गावच्या शेतावर मी पंप सांभाळायला होतो, हरणं नव्हे. पण एकदा अर्बाबसमोर, म्हणजे आमच्या अरब मालकासमोर, बढाई मारून बसलो, की आमच्या रायगडात बकरीदचा बोकड पारखायला मलाच नेतात. न्यायचे हे खरं. दोरी धरायला न्यायचे, एवढं सांगायचं राहिलं.

अर्बाबने हौसेनं चितळ पाळले होते. कुंपणात नर फार झाले. सारखे झुंजायचे, माद्यांना धड चरू द्यायचे नाहीत. सलालाला निघताना तो गाडीत बसता बसता म्हणाला, “कमजोर नर निवडून काढ. मोठ्याला मात्र हात लावायचा नाही. कळपातली सगळी चांगली पिल्लं त्याची आहेत.”

“इन्शाल्ला. शिंगं बघूनच ओळखीन.”

एक लंगडा निघाला, एक म्हातारा. तिसरा खजुरांच्या सावलीत एकटाच उभा होता, डोक्यावर शिंगांऐवजी दोन केसाळ खुंट. असा बोकड आमच्याकडे बाजारात कोणी विचारत नाही. आणि मोठी शिंगं मिरवत एक तरणाबांड तोऱ्यात फिरत होताच. तोच मोठा, असं मी ठरवून टाकलं.

आमचा ड्रायव्हर रत्नागिरीचा. त्याने विचारलं, “चाचा, नक्की ना?”

“तू मासळी ओळख. चार पायांचं माझ्यावर सोड.”

बिस्मिल्ला म्हणून तिन्ही काढले. वाट्याचं मटण मी हमरियाला घरी नेलं. बायको चिरताना म्हणाली, “कमजोराचं मांस इतकं भरलेलं?”

“पारख लागते,” मी म्हणालो.

अर्बाब परतला तो आधी कळपाकडेच गेला. कुंपणाच्या कोपऱ्यात, वाळक्या गवतात त्याला दोन शिंगं पडलेली सापडली, हाताएवढी लांब. ती उचलून तो माझ्याकडे आला. “ही मोठ्याची. गळतात आणि पुन्हा नवी येतात. तो कुठे आहे?”

बोकडाची शिंगं मरेपर्यंत डोक्यावरच राहतात. माझी सगळी विद्या तिथवरच होती.

त्याने एवढंच विचारलं, “खलास?”

“खलास.”

पुढच्या हंगामात तरणे नर एकमेकांवर तुटून पडले. एकाचा डोळा गेला. पिल्लं थोडीच झाली, तीही किरकोळ अंगाची.

अर्बाबने मला काढलं नाही. ती शिंगं पंपाच्या खोलीत माझ्या टेबलाच्या वर भिंतीला टांगली, आणि पाहुणे आले की हाक यायची, “इंजिनिअर, तुझी बोकडाची गोष्ट सांग.” मी सांगायचो. बायकोचा आवाज काढायचो, माझा तोरा दाखवायचो, पाहुण्यांच्या हातातला कहवा हिंदकळायचा.

शेवट मात्र मी अर्बाब परतण्यावर आणायचो, आधीचं थोडं गाळून. तो तिसरा नर पडल्यावर ड्रायव्हरला पटावं म्हणून मी त्याचा एक खुंट मुठीत धरला होता. मखमलीसारखा मऊ होता आणि ऊन, बाकीच्या अंगापेक्षा जास्त. आत काहीतरी वाढत होतं.

“बघ,” मी ड्रायव्हरला म्हणालो होतो, “आतून सडलंय.”