ओट्यावरचे गुरुजी

शाळा भरली की देवाजी कुमरे गुरुजी रोज मागच्या ओट्यावर चढायचे आणि मोबाइल डोक्यावर धरून उभे राहायचे. कुरखेड्यापलीकडच्या त्या जंगलगावात नेटवर्क तेवढ्याच वीतभर जागेत यायचं. मुलांची हजेरी, खिचडीची चव, लावलेल्या झाडांची उंची, संडासांचे फोटो, सगळं तिथूनच वर जायचं. खाली एकोणीस पोरं आपापलं वाचत बसायची.

गाव हे सहा वर्षं पाहत होतं. गावाने त्यातून साधा अर्थ काढला: गुरुजी रोज सरकारशी बोलतात.

घरकुल योजनेसाठी घरांच्या पाहणीचं कामही मग गुरुजींकडेच आलं. अ‍ॅपमध्ये छपराला दोनच पर्याय होते, पक्कं आणि गवताचं. लच्छू उसेंडीच्या घरावर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. गुरुजींनी बराच वेळ विचार केला आणि प्रामाणिकपणे ‘पक्कं’ दाबलं. एप्रिलमध्ये घरकुलाची यादी लागली. लच्छूचं नाव नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो थेट ओट्यापाशी आला.

“मले काऊन काटलं, गुरुजी?”

“यादी मी नाई बनवत, लच्छूभाऊ.”

“मंग रोज वर हात करून कोनासंग बोलून राह्यले?”

उत्तर लांबलचक होतं. गुरुजींनी ते सुरू केलं तोवर थप्पड बसली. मोबाइल खाली पडला. लच्छूचीच मुलगी, तिसरीतली मयुरी, तो उचलून फ्रॉकला पुसत उभी राहिली.

संध्याकाळी केंद्रप्रमुखांचा फोन आला. त्यांचा आवाज प्रसन्न होता.

“देवाजी, नशीब उघडलं तुमचं. ब्रह्मपुरीच्या बदलीचा अर्ज किती वर्षं पडून हाय? पोलिसात तक्रार द्या, मी वर शेरा मारतो. मार खाल्लेल्या शिक्षकाले कोनी नाई म्हणत नाई.”

“अन् इथी कोन येईल, साहेब?”

“ते पाहू ना.”

पाहू म्हणजे काय, हे गुरुजी जाणत होते. एकोणीस पोरांच्या शाळेला मास्तर देण्यापेक्षा कुलूप देणं सोपं होतं. मागोमाग खुलाशाचं पत्रही आलं: मारहाण शालेय वेळेत झाली काय, आणि झाली असल्यास त्या वेळी वर्गावर कोण होते?

गावाने आपली बैठक घेतली. म्हाताऱ्या बायनाबाईंनी लच्छूला समोर बसवलं.

“कलेक्टरले काऊन नाई मारलं रे?”

“गडचिरोली दूर पडते, बाई.”

“तलाठ्याले?”

“तो भेटत नाई.”

“म्हंजे जो रोज येते, त्यालेच मार.”

सगळे हसले. लच्छूही हसणार होता, पण गुरुजींचा सुजलेला गाल पाहून खाली पाहू लागला. दंड ठरला: पावसाआधी गाव मिळून शाळेचे कवेलू फेरतं, काढून पुन्हा नीट बसवतं; यंदा लच्छू एकटा फेरेल.

गुरुजींनी तक्रार दिली नाही. बदलीचा अर्ज परत आला. कार्यालयाने नोंद केली की तक्रार नसल्याने मारहाण झालेली नाही, आणि गालाची सूज उतरण्याआधीच फाइल बंद झाली.

सुट्ट्या लागण्याच्या आदल्या दिवशी लच्छू शाळेच्या छपरावर होता. गुरुजी खालून एकेक कवेलू हातात देत होते. मध्येच ते थांबले, आत डोकावून आले आणि म्हणाले,

“लच्छूभाऊ, खिडकीकडून नीट बसव. तिथी मयुरी बसते.”