सोडवलेलं लेबल

बाइंडरच्या दुकानात लेबल नसलेली वस्तू शोधून सापडायची नाही. पुस्तकांचं सोडा, खळीच्या डब्यावर ‘खळ’ आणि कात्रीच्या खोक्यावर ‘कात्री’. बायको म्हणायची, "एक दिवस माझ्या कपाळावरही लावाल." आणि या गृहस्थाने लावलंच की. कपाळावर नाही, तिच्या आवाजावर.

बालवाडीच्या मुलांसाठी तिने वीसेक गोष्टी वाचून ठेवल्या होत्या. त्यांची एकच सीडी. ती गेल्यावर बाइंडरने जाड कागदाचं गोल लेबल कापलं, सुबक अक्षरात तिचं नाव लिहिलं आणि स्वतः शिजवलेल्या खळीने असं चिकटवलं की बारा वर्षांत कड सुटली नाही. धाकटी मुलगी दर भेटीत म्हणायची, "बाबा, द्या, मी कॉपी करून आणते." हा कसला देतोय. वाटेत हरवली म्हणजे? लोकांची पुस्तकं बांधताना त्याने कधी एक पान गहाळ केलं नाही, पण दुसऱ्यावर त्याचा काडीचा भरवसा नव्हता.

शेवटी धाकटीच लॅपटॉप आणि सीडी वाचायचं यंत्र घेऊन आली. आईच्या हाताखालची पोरं आता पोराबाळांची झाली होती. त्यांना त्या गोष्टी ऑनलाइन हव्या होत्या. पुठ्ठे बाजूला सारून टेबलावर मांडामांड झाली. पहिला ट्रॅक लॅपटॉपवर उतरला. दुसऱ्याला यंत्र थडथडायला लागलं आणि पडद्यावरचा आकडा चार टक्क्यांवर बसला तो बसलाच.

"लेबल जड झालंय, त्याने सीडी डुगडुगतेय," धाकटी म्हणाली. "दुसरं यंत्र मिळतं का बघून येते. तोवर हात लावू नका हं, बाबा."

आता सांगा, लेबलाचा दोष आहे असं बाइंडरला सांगून कुणी बाहेर जातं का? या माणसाची उभी हयात जुनी लेबलं सोडवून नव्या पुस्तकावर बसवण्यात गेलेली. त्याने सीडी काढून लेबलावर ओलं फडकं ठेवलं, खळ सुटेपर्यंत थांबला आणि घड्या घालायची हाडाची पट्टी अलगद कडेखाली सरकवली. चकचकीत बाजू खाली मऊ कापडावर ठेवलेली, तिला बोटसुद्धा लागू दिलं नाही. लेबल एका तुकड्यात आलं. इतकं स्वच्छ काम बऱ्याच दिवसांत त्याच्या हातून झालं नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, तो मनातून खूश झाला.

मग त्याने चकती उचलली आणि तिच्यातून त्याला समोरची खिडकी दिसली. खिडकीचे गजसुद्धा मोजता आले असते. चंदेरी पापुद्रा सगळाच्या सगळा लेबलाच्या पाठीला चिकटून आला होता.

धाकटी परतली तेव्हा तो दाबयंत्राचं चाक आवळत उभा होता.

"आत काय आहे, बाबा?"

"सीडी. लेबल परत चिकटवलंय. वाळलं की लावून बघ."

तिने चाक सैल करून सीडी बाहेर काढली. उजेडात धरून उलटसुलट पाहिली.

"खालच्या बाजूला मी बोट लावलेलं नाही," तो म्हणाला. "गोष्टी तिथेच असतात ना?"

"नाही हो, बाबा. त्या लेबलाच्या खालीच होत्या."

बाइंडर स्टुलावर बसला. रागावली असती तर बरं झालं असतं, पण पोरगी रडायला लागली. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "पहिला उतरला होता ना?"

तिने लावला. आवाज त्याचाच निघाला, बारा वर्षांहून तरुण. बायकोने हट्टाने त्याच्याकडून सुरुवात करून घेतली होती, ते तो साफ विसरला होता. "मुलांनो, नीट बसा. आता बाई गोष्ट सांगतील." कागद सळसळला. "हं, बोल आता." तिथे ट्रॅक संपला.

"परत लाव," तो म्हणाला.

तिसऱ्या वेळी त्याने लॅपटॉपला कान टेकवला. तिचा श्वास तरी कुठे आला असेल, एवढीच आशा. कागद सळसळला, आणि तोच तिला बोल म्हणून सांगत राहिला.