सासूबाईंची बॉडी आणि माझी पक्की शिलाई

माझ्या नणंदेचा साखरपुडा अंगठीवाचून अडला, तेव्हा अंगठी तिच्या आईच्या अंगावरच होती. ती तिथून निघू नये याची चोख व्यवस्था मी केली होती.

मी पुण्याहून लग्न होऊन निजामाच्या जुन्या राजधानीत, विद्यानगरला आले, ते केबल टीव्हीचे आणि नव्या नव्या मालाचे दिवस. दुकानांत आतले कपडेसुद्धा खोक्यांतून यायला लागले होते, आणि खोक्यावर ते घातलेली बाई! असं एक खोकं मी हौसेनं सासूबाईंसाठी आणलं. त्यांनी आधी ते पालथं घातलं.

"नक्को मा हे," त्या म्हणाल्या. "ट्रंकेत माझ्या आईची बॉडी आहे. तसली शिव, जमत असेल तर."

जमत असेल तर? शिवणाची परीक्षा मी पहिल्या वर्गात पास झालेली. शिवाय जुनी फॅशन परत आल्याचं मासिकांत छापून येत होतं. मी स्वतःसाठी फुग्याच्या बाह्यांचे तीन ब्लाऊज शिवलेही होते (ते घातले की दारातून आडवं जावं लागे). ही बॉडी कंबरेपर्यंतची, मांजरपाटाची, पुढे बटणं, आणि डाव्या कुशीला आतून एक छोटा खिसा. खिसा कशासाठी, ते मी विचारलं नाही. पहिल्या वर्गात पास झालेली माणसं विचारत नाहीत. हुबेहूब तशी बॉडी शिवून दिली.

साखरपुडा त्याच शहरात गौलीगुड्याला, मुलाच्या घरी होता. त्या सकाळी मी बॉडीला इस्त्री करायला घेतली, तर खिशाचं तोंड लांब लांब कच्च्या टाक्यांनी बंद केलेलं, वर धाग्याचं टोक लोंबतंय. कच्चा टाका म्हणजे 'इथे मशीन मारा', एवढं क्लासच्या पहिल्याच आठवड्यात शिकवतात. हात लावून पाहिलं तर आत मऊ कापूस. कापूस भरलेल्या कपड्यांबद्दलही मी मासिकात वाचलं होतं. सासूबाईंनी गुपचूप उदारीकरण स्वीकारलेलं पाहून मला भरून आलं. (कापूस जरा भलत्याच जागी होता, पण वयाचा मान राखून मी काही बोलले नाही.) खिशाच्या तोंडावर दोन पदरी मशीन मारलं, कच्चा धागा उपसून टाकला आणि बॉडी त्यांच्या साडीवर ठेवून दिली.

गौलीगुड्याला सगळं छान चाललं होतं. मग गुरुजी म्हणाले, "मुलाची अंगठी आणा. मुहूर्त पाऊण तासच आहे."

सासूबाई हसत आतल्या खोलीत गेल्या. दहा मिनिटं झाली तरी आल्या नाहीत. मग दाराच्या फटीतून माझ्या नावानं हाक आली.

आत त्या ब्लाऊजखाली हात घालून घामाघूम झाल्या होत्या. "धागा कुठाय?"

"कुठला धागा, आई?"

"खिशाचा. एक ओढला की सगळा सुटतो. अंगठी आहे त्यात, कापसात गुंडाळून!"

"तो मी काढला," मी म्हटलं. "पक्की मारली. दोन पदरी."

सासूबाई मटकन खाटेवर बसल्या. रझाकारांच्या दिवसांत त्यांच्या आईनं घरातलं सगळं सोनं असंच अंगावर शिवून गाव सोडलं होतं, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. ते सोनं वाटेत कुणाला सापडलं नाही. बाहेर गुरुजी मुहूर्ताची आठवण देत होते. नणंद वैशाली दाराशी येऊन रडवेल्या आवाजात म्हणाली, "वहिनी, ते लोक म्हणतायत, अंगठी आणलीच नाही का?" लग्न मोडलं तर माझ्यामुळे मोडणार, एवढंच मला दिसत होतं. मी खाली वाकून टाके दातांनी तोडायला लागले.

नेमक्या त्याच वेळी मुलाची आई आत आली. विहीणबाईंचा हात ब्लाऊजखाली आणि त्यांच्या सुनेचं तोंड त्यांच्या कुशीत, हे पाहून त्या जागच्या जागी थिजल्या.

"कैची आहे का हो?" सासूबाईंनी विचारलं आणि सगळं सांगून टाकलं.

त्या माउलीनं दार लावलं. आपल्या ब्लाऊजखाली दोन बोटं घातली, एक धागा सर्रकन ओढला आणि वैशालीसाठी केलेली अंगठी कापसासकट हातावर घेतली. "हौ, आमच्यात पण असंच करतात," त्या म्हणाल्या. मग कात्री आणून माझी शिलाई उसवायला बसल्या. दहा मिनिटं लागली.

"हात मजबूत आहे हो सूनबाईचा," त्या म्हणाल्या.

मुहूर्त सरायला पाच मिनिटं उरली असताना दोन्ही अंगठ्या बोटांत गेल्या. माझ्या शिवणकामाचं झालेलं तेवढंच कौतुक. सासूबाई आजही माझ्याच हातच्या बॉड्या वापरतात. फक्त सोनं आता पर्समध्ये असतं, आणि खिशात एक छोटी कैची.