लंकाबाईंचं लाल फडकं

जामखेडच्या पूर्वेला एका वाडीत लंकाबाई राहतात. पंधरा वर्षं त्यांनी ऊसतोड केली. मुकादमानं "चला" म्हटलं की अंगात ताप असला तरी चालायचं. "थांबा" म्हणायचा अधिकार त्यांना मिळाला तो थेट पंचावन्नाव्या वर्षी, आणि तोही घरच्याच पोराविरुद्ध!

पुतण्या अजिनाथनं फवारणीचा ड्रोन स्वतः जोडला होता. सरसकट परवानगी द्यायला तालुक्याचे कृषी अधिकारी साहेब धजेनात, आणि नाही म्हणायलाही त्यांच्या जिवावर आलं. शेवटी तोडगा निघाला. आठच एकरांवर, तीनच महिने, चाचणी म्हणून उडवा; जे घडेल ते वहीत लिहा. गावातलं एक माणूस लाल फडकं घेऊन बांधावर उभं राहील. फडकं वर गेलं की ड्रोन खाली. ग्रामसभेनं लंकाबाईंना नेमलं. बाई कुणाची भीड ठेवत नाही, असं सगळ्यांचं मत होतं. लंकाबाईंचंही.

एका सकाळी वारा फिरला आणि फवारा शेजारच्या तुतीकडे जाऊ लागला. ती तुती सुकन्याची. तिच्या शेडमधल्या रेशमाच्या अळ्या त्याच पाल्यावर जगायच्या. लंकाबाईंना सगळं दिसत होतं.

"काकू, दोनच वळ्या ऱ्हायल्यात!" अजिनाथ ओरडला. लंकाबाईंचा हात जागचा हलला नाही. दोन्ही ओळी फवारून झाल्या, मगच फडकं वर गेलं.

दुसऱ्या दिवशी सुकन्याच्या अर्ध्या अळ्या मेल्या. ती भांडायलाही आली नाही, नुसती शेडच्या दारात बसून राहिली. लंकाबाईंना ते बघवेना. त्यांनी वही काढली.

"काकू, हे लिवलं तर परवाना गेला म्हून समजा," अजिनाथ काकुळतीला आला.

"जाऊंदे," म्हणत त्यांनी एकेक अक्षर लावून लिहिलं: 'वारा फिरला. मी फडकं उशिरा दाखवलं. अजिनाथ घरचा, म्हणून.'

पंधरा दिवस अजिनाथ त्यांच्याशी बोलला नाही. मग साहेब आले आणि त्यांनी ते पान दोनदा वाचलं.

"एवढ्यासाठीच तर आठ एकर दिले होते," ते म्हणाले. परवाना राहिला. दोन अटी वाढल्या: तुतीलगतचा पट्टा सोडायचा, आणि फडकं घरच्या माणसाच्या हाती द्यायचं नाही.

अजिनाथचा जीव भांड्यात पडला. लंकाबाईंनी फडकं धुतलं, वाळवलं, नीट घडी घातली आणि सुकन्याच्या हातात दिलं.

"येळेवर वर कर, बाई," त्या म्हणाल्या. "मला न्हाई जमलं."