एकशे सात माणसं आणि रिकाम्या खुर्च्या

तक्तेवाल्या काकांना रिकामा माणूस बघवत नसे. बिस्किटांच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर म्हणून तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं: कोणी कुठे उभं राहायचं याचा तक्ता करायचा. निवृत्तीनंतर तक्ता लावायला हाताशी उरल्या त्या फक्त काकू, आणि काकूंनी पहिल्याच आठवड्यात तो कागद मसाल्याच्या डब्यांखाली अंथरला. तेव्हापासून काका घरभर येरझाऱ्या घालत. बसले तरी एक गुडघा हलतच असायचा.

अशात वस्तीतला सरकारी दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला हलवणार, अशी नोटीस लागली. काकूंच्या पायाला साखरेच्या आजाराची न भरणारी जखम होती. एक दिवसाआड ड्रेसिंग. दवाखाना दोन गल्ल्यांवर, म्हणून त्या काठी टेकत जाऊ शकत. नव्या जागेसाठी दोन बस बदलायच्या आणि मध्ये एक पूल चढायचा. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "ड्रेसिंग चुकत गेलं तर पायाची खात्री मी देणार नाही."

काका घरी आले, वही उघडून बसले. म्हणजे उभेच राहिले.

पहिली बैठक शिंप्याच्या दुकानात झाली. पाच माणसं आणि एक अर्धवट शिवलेला कोट. मग इमारती-इमारतींच्या जिन्यांत सभा सुरू झाल्या. दहा मिनिटांच्या, उभ्याने. बसलेली सभा लांबते हे काकांचं जुनं मत. इस्त्रीवाला कपड्यांच्या घड्यांत पत्रकं घालून घरोघर पोचवू लागला. पार्लरवालीच्या हातात तर गिऱ्हाइकाची मानच असे, त्यामुळे तिचं म्हणणं कोणी अर्ध्यावर सोडून जात नसे. आणि ज्याने म्हणून मान डोलावली, त्याला काकांनी तिथल्या तिथे ड्यूटी लावली.

शुक्रवारी पाच वाजता शाळेच्या मैदानात सुनावणी होती. शंभरापेक्षा कमी लोक आले तर लोकांची हरकत नाही असं धरलं जाईल, असं नोटिशीत साफ लिहिलं होतं. आदल्या आठवड्याच्या रंगीत तालमीत निम्मे स्वयंसेवक चहाला पळाले होते. म्हणून काकांनी या वेळी दम भरला, "कोणीही सांगितलं तरी जागा सोडायची नाही. अगदी मी सांगितलं तरी!"

पाचला दहा मिनिटं कमी असताना काका मैदानात उभे राहून घड्याळ बघत होते. एकशे वीस खुर्च्या, माइक, पाण्याची पिंपं, सगळं जागच्या जागी. गल्लीच्या प्रत्येक कोपऱ्यावर वाट दाखवायला माणसं. खुर्च्यांवर मात्र एकट्या काकू. दुखऱ्या पायामुळे त्यांनाच तेवढी ड्यूटी नव्हती.

"लोक येईनात कसे?" काका दर मिनिटाला फाटकापर्यंत जाऊन येत होते.

माइकपाशी उभ्या शिंप्याने घसा खाकरला. "काका, एक विचारू? वस्तीतली झाडून सगळी माणसं ड्यूटीवर आहेत. मग येणार कोण?"

काकांनी वही उघडली. नाव, जागा, नाव, जागा. एकही माणूस शिल्लक नव्हता. तेवढ्यात सुनावणी घेणारे साहेब फाटकातून आत आले, रिकाम्या खुर्च्यांकडे बघून म्हणाले, "साडेपाचपर्यंत थांबतो."

काका धावत सुटले. पहिल्या कोपऱ्यावर इस्त्रीवाला. "चल मैदानात!"

"वा! म्हणजे तुम्ही परीक्षा घेताय होय?" तो छाती काढून आणखी ताठ उभा राहिला. दुसऱ्या कोपऱ्यावर तेच. तिसऱ्यावर एक आजोबा म्हणाले, "जा जा, मी नाही फसायचा." तीस वर्षांत काकांचा हुकूम कोणी इतका तंतोतंत पाळला नव्हता. शेवटच्या कोपऱ्यावर पार्लरवालीने हातच जोडले, "काका, आधी पाणी प्या, मग ओरडा."

इतक्यात गल्लीच्या त्या टोकाला काकू दिसल्या. काठी टेकत पुढे काकू, मागे पेन घेऊन एकेक माणूस मोजत साहेब.

"अहो, तुम्हाला चालायला कोणी सांगितलं?" काका ओरडले.

"कोणी नाही. साहेब म्हणाले माणसं नाहीत. मी म्हटलं, माणसं आहेत, आमच्या ह्यांनी सांडून ठेवलीत. चला, वेचू या."

"एकशे सात," साहेब म्हणाले, आणि त्याच क्षणी काकू पार्लरच्या पायरीवर मटकन बसल्या. पट्टीतून लाल डाग वर येत होता.

साहेबांनी पायाकडे पाहिलं. "नवा दवाखाना इथून कसा गाठायचा?"

काका खाली वाकून पट्टी दाबून धरत होते. पार्लरवालीच म्हणाली, "दोन बस आणि एक पूल."

"पूल कागदात नाही," साहेब म्हणाले, आणि उभ्याउभ्याच त्यांनी तो लिहिला. "मी तीन ओळींत लिहितो, दवाखाना हलवू नये. पण निर्णय वरचा. महिनाभर लागेल."

"महिना राहू दे हो!" काका किंचाळले. "दवाखाना सहाला बंद होतो!"

मागोमाग आलेल्या शिंप्याने आणि काकांनी हातांची खुर्ची केली, काकूंना वर उचललं. "हळू! मी काय बिस्किटांचं खोकं आहे?" काकू दोघांच्या माना आवळत म्हणाल्या. साहेबांनी काठी घेतली आणि तेही मागे पळाले. वरात पहिल्या वळणावर आली तसा इस्त्रीवाला ओरडला, "काका, जागा सोडू का?" काकांना ऐकूच गेलं नाही. त्याने क्षणभर इकडेतिकडे बघितलं आणि धाव ठोकली. मग आजोबा. मग पाण्याच्या पिंपांवरची माणसं. कोणी कोणाला विचारलं नाही.

डॉक्टरीणबाई शटर अर्धं ओढून कुलूप शोधत होत्या. "सहा वाजले," त्या वळून म्हणाल्या. समोर काकू, खाली दम लागलेले दोन म्हातारे, काठी धरलेले एक साहेब, आणि गल्ली भरून माणसं.

"एवढ्यांना काय झालंय?"

"आम्हाला काही नाही," गर्दीतून पार्लरवाली म्हणाली. "आम्ही सोबत आलोय."

बाईंनी शटर परत वर ढकललं.