बिनमध्ये सापडलेलं नाव

माझं शिक्षण चौथी. इंग्रजी अक्षरं शिकलो ती खडकीच्या कारखान्यात, स्टोअरला लागल्यावर, खोक्यांवर छापलेली बघून. म्हणून मोठी अक्षरं मला पटकन लागतात, लहान अक्षरांना वेळ लागतो. वेळ लागतो म्हणजे येत नाही असं नव्हे.

बायको जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या बटणांच्या फोनमध्ये बोलताना कुठलं तरी बटण दाबलं जायचं आणि बोलणं रेकॉर्ड व्हायचं. तिला त्याचा पत्ताही नव्हता. फोन बंद पडल्यावर मुलाने त्यातलं कार्ड काढून तीन रेकॉर्डिंगं आपल्या जुन्या लॅपटॉपवर घेतली आणि तो लॅपटॉप मला दिला. माझ्यावर उपकार म्हणून नव्हे, त्याला नवा मिळाला होता म्हणून. रेकॉर्डिंगं काही उघडेनात. तो म्हणाला, फॉरमॅट जुना आहे, एक प्रोग्रॅम टाकावा लागेल, रविवारी बसू. हिंजवडीहून बिबवेवाडीला येईपर्यंत माणसाचा अर्धा रविवार रस्त्यावरच सांडतो, हे मलाही कळतं. पण आईच्या आवाजाला किती रविवार ताटकळत ठेवायचं, हे त्याला कळायला हवं होतं. मला तो आवाज ऐकायचा होता, एवढंच. घरात तिचे फोटो चिक्कार आहेत. फोटो बोलत नाही.

शेवटी एके दिवशी मीच बसलो. त्या लॅपटॉपवर काळा पडदा उघडून त्यात हुकूम टाईप करावा लागतो. पूर्वी कधी तरी मुलाने, तेव्हा त्याला धीर होता, एका वहीत पाच-सहा हुकूम लिहून दिले होते आणि पुढे मराठीत कशाला काय ते. प्रोग्रॅमचं नाव त्याने फोनवर पाठवलं होतं. वहीत बघून ते बसवलं. ओळी भराभरा वर गेल्या आणि थांबल्या. काम झालं होतं. मग मी तेच नाव टाईप केलं आणि बटण दाबलं.

कमांड नॉट फाउंड.

अक्षर अक्षर लावून वाचलं. म्हणजे, असा हुकूम सापडत नाही. पुन्हा टाईप केलं. मोठ्या अक्षरात केलं. तेच उत्तर, त्याच थंडपणे. मुलाला फोन केला, तो मीटिंगमध्ये होता. म्हणाला, इन्स्टॉल झालंय ना, मग चालेल, नवीन विंडो उघडून बघा. नवीन विंडोतही तेच.

हे उत्तर माझ्या ओळखीचं होतं. स्टोअरच्या खिडकीवर मी तीस वर्षं हेच उत्तर दिलं. कामगार यायचा, वस्तूला त्याच्या खात्यात जे नाव असेल ते घ्यायचा. स्टोअरच्या नोंदीच्या कार्डावरचं नाव दुसरं असायचं. मी खुर्चीवरून न उठता सांगायचो, “नाही. नाव नीट विचारून ये.” एकदा एक फिटर म्हणाला होता, साहेब, ती तुमच्या पाठीमागे आहे. मी वळून बघितलं नव्हतं. वळलो असतो तर तो खरा ठरला असता.

म्हणजे इथेही वस्तू आली आहे, आपण घेतोय ते नाव कार्डावर नाही. वहीत एक ओळ होती, ‘काय काय आलं ते बघायला’. ती टाईप केली. पंचवीसेक ओळींची यादी आली. बहुतेक ओळी माहितीपत्रकांच्या, आणि एकीत अक्षरं दिसली, बिन. मुलाच्या पिढीला बिन म्हणजे कचऱ्याचा डबा. स्टोअरमध्ये बिन म्हणजे रॅकमधला कप्पा, जिथून वस्तू काढून द्यायची. मी त्या कप्प्यापुढचं नाव वाचलं. बसवलेल्या नावाशी त्याचा काही संबंध नव्हता. छोटंसं, चार अक्षरांचं. ते टाईप केलं, पुढे पहिल्या रेकॉर्डिंगचं नाव, आणि बटण दाबलं.

तिच्या बहिणीचा आवाज आला. तिने हाक मारली ती माहेरच्या नावाने.

आमच्या लग्नात मी ते नाव बदललं होतं. माझ्या चुलतीचं तेच नाव, एका घरात एका नावाच्या दोघी नकोत, असं आई म्हणाली. भटजींनी तांदळाचं ताट पुढे केलं आणि मी अंगठीने नवं नाव लिहिलं. अक्षर चांगलं आलं म्हणून मला कौतुकही वाटलं होतं. चुलती पुढच्याच वर्षी गेली. तरी जुनं नाव परत द्यावं हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या तर नाहीच.

बहिणीच्या हाकेला ती जे “काय गं” म्हणाली, तसा आवाज मी बेचाळीस वर्षांत ऐकला नव्हता. हलका, खोडकर. दोघी लोणच्याबद्दल बोलल्या, गुडघ्यांबद्दल बोलल्या. मग बहिणीने विचारलं, तुला त्या घरात या नावाने कोणीच हाक मारत नाही ना गं?

“नाही. इथल्या नावाला मी नुसती ओ देते,” ती म्हणाली. “तू हाक मारलीस की उठून येते.”

आणि हसली. तक्रार नव्हती. तक्रार असती तर मी भांडलो तरी असतो.

शेवटचे दोन दिवस ती डोळे उघडत नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, हाका मारा, कधी कधी ओळखीच्या हाकेला माणूस प्रतिसाद देतो. मी कानाशी तोंड नेऊन हाका मारल्या. तांदळात लिहिलेल्या नावाने. दोन दिवस.

उरलेली दोन रेकॉर्डिंगं मी अजून लावलेली नाहीत.

रविवारी मुलगा आला. प्रोग्रॅम चालला का, म्हणाला. मी सांगितलं, चालला, नाव चुकीचं घेत होतो. त्याला हसू आलं. लॅपटॉप पुढे ओढत म्हणाला, “होतं असं. थांबा बाबा, तुम्ही म्हणाल ते नाव ठेवून देतो त्याला. एका ओळीचं काम आहे.”

मी झाकण खाली केलं. त्याची बोटं थोडक्यात वाचली.

“नको,” म्हटलं. “त्याचं जे आहे ते राहू दे.”