घरी कोण कोण?

सलीमचाचा गेल्याचा फोन आला तेव्हा आळेफाट्याला आमच्या पंपावर डिझेलचा टँकर उतरत होता. टँकर रिकामा होईपर्यंत मालकाला जागचं हलता येत नाही. मी पाइपाकडे बघत नुसता उभा राहिलो... जुन्नरला त्यांच्या घरी पोचलो तोवर त्यांना न्यायची तयारी झाली होती.

पंपामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आठ खाटा, एक न्हाणीघर आणि चाचा, एवढीच आमच्याकडे ट्रकवाल्यांची सोय. वीस वर्षं ती चाचांनी सांभाळली. दुपारी आडवं होताना ड्रायव्हर गाडीची चावी त्यांच्याकडे देई आणि उठवायची वेळ सांगे. चाचा वेळेवर उठवत, तोंड धुवायला लावत, चहा देत आणि विचारत, "घरी कोण कोण हाय, पावणं?" गड्यानं सगळी नावं धड सांगितली तर चावी मिळे. अडखळला, की "झोप आजून अर्धा तास." फार पूर्वी एकाला त्यांनी सांगितल्या वेळी उठवून तसंच झोपाळलेलं जाऊ दिलं होतं. त्याची गाडी माळशेज घाटात कोसळली. त्याच्या घरी कोण होतं, हे चाचांना पेपरात वाचून कळलं.

मला हा कारभार मुळीच पटत नसे. ट्रान्सपोर्टवाले फोनवर झापायचे मला! एकदा टोमॅटोची गाडी अशीच अडली, तेव्हा मी सरळ चाचांच्या खिशातली चावी काढून ड्रायव्हरला दिली. गाडी सुखरूप पोचली आणि मी खूश. चाचा मात्र दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "शेठ, पोचला ते लई बरं झालं. पण तुमी त्याला काय इचारलं न्हाई." त्यांच्या खिशात हात घातल्याची मला आजही लाज वाटते.

गेल्या आठवड्यात संगमनेरकडचा एक जुना ड्रायव्हर शेडमध्ये झोपला होता. चारला मीच त्याला उठवलं, चहा दिला. चाचांचं त्याला ठाऊक नव्हतं. सांगितल्यावर त्यानं कप खाली ठेवला. मी विचारलं, "घरी कोण कोण?" त्यानं आई, बायको, दोन्ही पोरी, सगळ्यांची नावं नीट सांगितली. मी चावी पुढे केली. ती न घेता तो म्हणाला, "आन् तुमच्या, शेठ?"

मी आईपासून सुरुवात केली. मग बायको, मुलगा... आणि चाचांच्या नावाशी अडखळलो.

"बसा अर्धा तास," तो म्हणाला आणि खाटेवर सरकून त्यानं मला जागा करून दिली.